खाडीचं सोंग

फाल्गुन लागला की माझ्या दाढ्या घरी परत येतात.

बोईसरला माझं नाटकाच्या कपड्यांचं भाड्याचं दुकान आहे. डिसेंबरात शाळांची संमेलनं सुरू झाली की तालुकाभरचे मावळे, संत, पऱ्या आणि वाघ माझ्या ट्रंकांतून बाहेर पडतात आणि थंडी सरता सरता सगळे माघारी येतात. एका दाढीला वड्याच्या चटणीचा वास, दुसरीत बिस्किटाचा चुरा, वाघाच्या शेपटीला कोणीतरी वेणी घातलेली. मी गच्चीवर दोरी बांधतो आणि सगळ्यांना ऊन दाखवतो. शेजारच्या इमारतीतल्या बिहारच्या वहिनी पहिल्या वर्षी ते बघून चरकल्याच. "भाईसाब, इतने लोगों के बाल?" मी चेहरा दगडासारखा ठेवून म्हणालो, "जो किराया नहीं देते, उनके." तेव्हापासून त्या मला बघितल्या बघितल्या नमस्कार घालतात.

गच्चीवर उभं राहिलं की वारा कुठून आला ते नाक सांगतं. समुद्राकडून असेल तर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. कारखान्यांकडून असेल तर कधी गोडूस, कधी सडक्या अंड्याचा. या दिवसांत दोन्ही वारे दुपारी एकमेकांना भेटतात आणि त्यातच कुठूनतरी आंब्याच्या मोहोराचा वास चुकल्यासारखा येऊन जातो. सावरीला पानं नसतात, नुसती लाल फुलं. ती बघितली की माझे पाय आपोआप ताल धरायचे. शिमगा आला!

यंदा पाय उभेच राहिले. मी दाढ्या झटकल्या आणि खाली आलो.

माझं गाव घिवलीच्या बाजूचं, खाडीच्या तोंडावरचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, दाढीशेठने आमची अब्रू पण भाड्याने दिली. दाढीशेठ म्हणजे मी. हे नाव ठेवलं माझ्या बालमित्राने, हरेश्वरने, आणि मी ते पाटीवर लिहायचं तेवढं बाकी ठेवलं आहे.

आमच्या गावचा शिमगा नुसता रंगांचा नसतो. होळीच्या आधीच्या संध्याकाळी मुलामुलींची टोळी दारोदार सोंगं घेऊन जाते. सोंग कोणाचं? ज्याचं दार, त्याचंच. वर्षभरात त्या घराने जी काही आगळीक केली असेल, ती त्याच्याच अंगणात, त्याच्याच बायकोपोरांसमोर नाचून दाखवायची. एकाने न्हाणीघराचं पाणी वाटेवर सोडलं होतं. आम्ही त्याच्या दारात म्हशी होऊन लोळलो, आणि हरेश्वर त्यातली गाभण म्हैस झाला होता. घरधनी आधी लाल होतो, मग हसतो, मग आत जातो आणि नारळ घेऊन येतो. तो नारळ म्हणजे पोस्त. नारळ हातात पडला की टोळी ओरडते, "मान्य! मान्य!" आणि खरोखरच मान्य झालेलं असतं. नारळ देणाऱ्याने चूक कबूल केली आणि पुढच्या शिमग्याच्या आत ती निस्तरायचं वचन दिलं. म्हशींचं सोंग बघितलेल्या गृहस्थाने पाडव्याआधी पाइप टाकला. एकदा नारळ दिलेलं सोंग पुन्हा करायचं नसतं. आणि नारळ देऊनही ज्याने काही केलं नाही, त्याच्या दारात पुढच्या वर्षी टोळी जातच नाही. टोळी शेजारून वळते. त्या घरची म्हातारी माणसं ओटीवर बसून रडलेली मी पाहिली आहेत. आमच्याकडे शिव्या खाण्यापेक्षा वगळलं जाणं वाईट.

मला नाटक म्हणजे हेच वाटत आलं. कोणाचं तरी दार, कोणाचा तरी दोष आणि शेवटी एक नारळ.

तर या सगळ्यात मुंबईची एक संस्था आली. मानवी हक्कांचं काम करणारी, जोडीला एक कलासंस्था, आणि खर्चाला बोईसरकडच्या काही कारखानदारांचा हात. किनाऱ्यावरच्या तरुण मुलांना कलेतून आवाज मिळावा असा उपक्रम होता. मेघनाताई नावाच्या बाई तो चालवायच्या. चांगल्या बाई. मनापासून सांगतो, त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मी फार शोधलं आणि मला काही सापडलं नाही. त्यांनी माझ्या दुकानात येऊन विचारलं, "तुम्ही मुलांना शिकवाल का?" मी एक मिशी लावून, एक भुवई वर करून म्हणालो, "बाई, तुम्ही उशीर केलात. मी चाळीस वर्षं वाट बघतोय." त्या इतक्या हसल्या की माझी मिशी सुटली.

गावच्या समाजमंदिरात तालमी सुरू झाल्या. मुलांना काय करायचं ते विचारावं लागलंच नाही. सोंगच करायचं, आणि खाडीचं करायचं.

खाडीचं म्हणजे काय, ते हरेश्वरच्या ताटात बघावं लागेल. हरेश्वरची एक छोटी होडी आहे. बापाच्या वेळची, खाडीत फिरवायची. आमच्या लहानपणी खाडीत निवट्या, कोळंबी, बोय, काय नव्हतं! मग पाण्याचा रंग बदलू लागला. कधी चहासारखं, कधी वर साबणासारखा फेस. कोणाचं पाणी येतं ते कोणी सिद्ध करू शकलं नाही. ज्यांच्या खर्चाने आम्ही नाटक बसवत होतो त्यांच्यापैकी कोणाचं येत होतं की नव्हतं, हे मलाही माहीत नाही. पण हरेश्वर त्या पाण्यात हात घालत राहिला आणि त्याच्या हातांना एक वास बसला. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली. वास हटेना. मग हा माणूस, ज्याने जन्मात माशाचा काटा बोटांशिवाय काढला नव्हता, चमच्याने जेवू लागला. शेवटी होडी ओढून माडाखाली ठेवली आणि दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ लागला. घरी आला की जेवण चमच्यानेच. म्हणायचा, वास अजून हाय.

त्याची मुलगी हर्षाली. बारावी झालेली, बापासारखीच लांब हाडांची आणि बापासारखीच बोलण्यात तिखट. अभिनय म्हणाल तर मी तिला काही शिकवलं नाही. मी फक्त तिच्या वाटेतून बाजूला उभा राहिलो, आणि माझ्या पोटाचा घेर बघता तेही काही कमी नाही.

तालमीच्या एका संध्याकाळी ती आणि मी तिच्या घरी गेलो. हरेश्वर जेवत होता.

"बाबा, तुजा चमचा दे ना."

"माजा चमचा? कशाला?"

"नाटकात पायजे."

"ऐकलंस का गं?" हरेश्वर बायकोला म्हणाला. "लोकांच्या पोरी नाटकात तलवार मागतात. आपली चमचा मागते. काय रे दाढीशेठ, तुज्या दुकानात चमचे पण नाय काय?"

"आहेत," मी म्हणालो, "पण ते राजघराण्यातले आहेत. गरिबाचं काम करत नाहीत."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं. हर्षालीने काय करायचं ठरवलंय ते त्याला कळलं. त्याने चमचा धुतला, लुंगीला पुसला आणि तिच्या हातात दिला. "नीट कर," एवढंच म्हणाला.

त्याच दिवसांत पालघरजवळच्या माहीमचा एक जण होडी विकत मागत होता. सारखा फोन. हरेश्वरने त्याला शिमग्यापर्यंत थांब म्हणून सांगितलं.

समारोप पालघरच्या सभागृहात झाला. होळीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी. मला आजही त्या वातानुकूलित थंडीत मुलींच्या केसांतल्या अबोलीचा वास आठवतो. मुलांनी आधी धमाल उडवली. एक साहेब खाडीकाठी जेवायला येतो, नाकाला रुमाल, आणि म्हणतो, ताजी मासळी आणा. यजमान जाळं टाकतो, त्यात एक निळं पिंप निघतं, दुसऱ्यांदा टाकतो, पिंपाचं झाकण निघतं. "साहेब, आज जोडी मिळाली!" पहिल्या रांगेतले खरे साहेब पोट धरून हसले. मी पडद्याआड उड्या मारत होतो.

मग हर्षाली एकटी आली. पाट मांडला, ताट मांडलं. हात धुतले. हुंगले. पुन्हा धुतले, साबणाने. हुंगले. लिंबू चोळलं. हुंगले. राख. एक शब्द नाही. मग तिने तो हात प्रेक्षकांकडे केला, जणू विचारते, तुम्हाला येतो का? कोणी हललं नाही. तिने हात मागे घेतला, मांडीखाली लपवला आणि दुसऱ्या हाताने चमचा उचलला.

मी या धंद्यात केस पांढरे केले आणि इतरांचे काळे केले. असं काही मी बघितलं नव्हतं.

सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेतले मुख्य पाहुणे, प्रायोजक कारखानदारांपैकी सर्वांत मोठे, रुमालाने डोळे पुसत स्टेजवर आले. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. खोटं रडणं मी भाड्याने देतो, मला कळतं. त्यांनी हर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, आज तू आमचे डोळे उघडलेस." शाल घातली. आणि तिच्या दोन्ही हातांत श्रीफळ दिलं.

परतीच्या टेम्पोत ती माझ्याशेजारी बसली होती. उमरोळी मागे पडली तेव्हा तिने मांडीवरचं श्रीफळ हातात घेतलं. मग म्हणाली,

"काका, त्यांनी नारळ दिला."

"हो."

"सगळ्यांच्या समोर दिला. हसले पण, रडले पण, आणि दिला."

मी तोंड उघडलं. सभागृहातला नारळ वेगळा असतो, तो भाषण करणाऱ्यालाही देतात, माइकवाल्यालाही देतात, मलाही एकदा खुर्च्या मोजून दिल्याबद्दल मिळाला आहे. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मागून एका मुलीने आरोळी दिली, "मान्य!" आणि टेम्पो पेटला. मान्य, मान्य, मान्य! बोईसरच्या नाक्यावर पाळी सुटलेले कामगार थबकून बघत होते. "क्या जीते भाई?" एकाने विचारलं. "खाडी!" मुलं ओरडली.

होळीला तो नारळ फोडला. आमच्याकडे पोस्ताचं खोबरं घराघरात वाटतात. हरेश्वरने त्याचा तुकडा बोटांनी उचलला, बोटांनी, आणि तोंडात टाकला. मलाही दिला. गोड होता हो नारळ! दुसऱ्या दिवशी माहीमच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी तिथेच ओटीवर बसलो होतो. हरेश्वर म्हणाला, "होडी विकायची नाय आता. कारखानदारांनी नारळ दिलाय. भर सभेत दिलाय." पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण तो माहीमचा, किनाऱ्यावरचाच. त्याने पुन्हा फोन केला नाही. त्यालाही पटलं असावं.

मग सुरू झालं वाट बघणं. उन्हाळाभर हरेश्वर ट्रॉलरवरून आला की आधी खाडीच्या पुलावर जायचा, पाणी बघायचा आणि मग घरी. "आज जरा कमी वाटते," असं तो जवळजवळ रोज म्हणायचा. हर्षालीचा फोन वाजला की मान वर करायचा. फोन संस्थेचेच असायचे. फोटो छापायला परवानगी आहे का? व्हिडिओखाली नाव कसं लिहू? या उपक्रमामुळे तुमच्यात काय बदल झाला, चार ओळी पाठवा. हर्षालीने मला विचारलं होतं, "काका, खरं लिहू का चांगलं लिहू?"

पावसात खाडी भरली आणि सगळं धुऊन निघाल्यासारखं दिसलं. पाऊस गेला आणि फेस परत आला.

मी मेघनाताईंना जाऊन भेटलो. नारळाची सगळी हकिगत सांगितली, रंगवून सांगितली, मला साधं सांगताच येत नाही. त्या ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "किती सुंदर प्रथा आहे ही! आपण हे पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत घेऊया."

"ताई, पण खाडी?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "आमचं काम आवाज देण्याचं आहे. पाण्याचं काम करणारे लोक वेगळे असतात. मी त्यांना मेल करते." त्यांनी केलीही. मला प्रत आली होती. मेल सुंदर होती.

मी तिथून निघालो तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की त्या लोकांनी नाटक बंद पाडलं असतं तर बरं झालं असतं. वीज घालवली असती, मुलांना हाकललं असतं, तर हर्षालीने अख्खं गाव गोळा करून दुसऱ्या दिवशी रस्त्यावर खेळ केला असता. मी तिला तलवारी पुरवल्या असत्या, फुकट. पण ज्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या, शाल घातली, रडला, त्याच्याशी भांडायचं कसं? याचं सोंग मला माहीत नाही. आमच्या गावच्या कोणाला माहीत नाही.

गेल्या फाल्गुनात संस्थेचा निरोप आला. नवे पाहुणे येणार आहेत, तेच नाटक पुन्हा करायचं. हर्षाली म्हणाली, नारळ दिलेलं सोंग पुन्हा करत नाहीत. मुलंही गेली नाहीत. रीतच तशी. नारळ देऊन काही न करणाऱ्याला आम्ही वगळलं. टोळी शेजारून वळली. फक्त इतकंच की ज्यांना वगळलं त्यांना ते कळलंच नाही. संस्थेने दुसऱ्या गावातली एक मुलगी घेतली. तिने व्हिडिओ बघून हात धुतले, हुंगले, चमचा उचलला. मी जाऊन मागे बसलो होतो. चांगलं केलं पोरीने. सभागृह उभं राहिलं. नव्या पाहुण्यांनी डोळे पुसले आणि तिला श्रीफळ दिलं.

हर्षाली आता बोईसरला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कधी कधी पाळी सुटल्यावर दुकानात येते, वाघाच्या मुखवट्याच्या मिशा सरळ करत बसते. कामावरच्या मुलींनी तो व्हिडिओ फोनवर पाहिलाय. "ए हर्षाली, वो हाथ सूँघनेवाला करके दिखा ना!" ती म्हणते, "वो मैं नहीं, मेरी बहन है." तिला बहीण नाही.

मी तिला परवा म्हटलं, "एखादं सोंग घे यंदा. माझं घे. माझ्या पोटाचं घे, साहित्य भरपूर आहे." ती हसली. हसल्यासारखी. मी आयुष्यभर लोकांना खोट्या भुवया लावल्या, त्यामुळे खऱ्या भुवया खाली आल्या की मला बघवत नाही.

गेल्या रविवारी तिच्याबरोबर गावी गेलो. हरेश्वर माडाखाली होडीला तेल लावत होता. गेल्या वर्षीही लावलं होतं. लाकूड सुकून फाकलंय, एका फळीतून बोट जाईल एवढी फट पडली आहे, आणि तो त्यात कापूस भरून वर तेल चोळत होता. पलीकडे खाडीला ओहोटी होती. चिखलावर काळपट साय धरल्यासारखं काहीतरी. एकही बगळा नाही.

"या दाढीशेठ."

मी बसलो. हर्षाली होडीच्या कडेला टेकून उभी राहिली. त्याने फटीत अजून थोडा कापूस दाबला. मग तो मान वर न करता म्हणाला,

"मी काय म्हणतो. तुमी ते नाटक नीट केलं होतं ना?"

त्याने फडकं बाजूला ठेवलं.

"नाय म्हणजे, मी बघायला नव्हतो. बोटीवर होतो. मी इचार करतो कधी कधी. एवढी मोठी माणसं, भर सभेत नारळ देतात, आनी मग काय नाय. असं कसं होईल? म्हणून म्हटलं, पोरगी नवी होती. घाबरली बिबरली असेल. त्यांना नीट कळलंच नसेल, कशाचं सोंग हाय ते."

मी हर्षालीकडे पाहिलं. त्या सभागृहातली शांतता मला जशीच्या तशी ऐकू येत होती. तिने प्रेक्षकांकडे केलेला हात दिसत होता. मी उभा जन्म ज्याची वाट पाहिली ते त्या दुपारी माझ्यासमोर घडलं होतं, आणि ते सगळ्यांना कळलं होतं. एकूण एक माणसाला.

"हो बाबा," हर्षाली म्हणाली. "कच्चं रायलं जरा. मी घाबरले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी या माणसाबरोबर म्हशी होऊन लोळलेलो आहे, त्याला माझं खोटं लगेच कळतं. म्हणून मी माझ्या सगळ्या नाटकी आयुष्यात जेवढा अभिनय शिकलो तेवढा एकवटला आणि अगदी साध्या आवाजात म्हणालो, "कच्चंच झालं रे. तालीम कमी पडली."

हरेश्वरचा चेहरा सैल झाला. तेलाचं फडकं त्याने पुन्हा हातात घेतलं.

"मग ठीक हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांना सगळं समजलं, आनी तरी..."

पुढचं तो बोलला नाही. आम्ही त्याला ते बोलू दिलं नाही. हर्षालीने दुसरं फडकं उचललं, मी माझ्या बाह्या वर केल्या, आणि आम्ही तिघं होडीला तेल लावू लागलो.